थेंब थेंब सरस

दि. ३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

कारखान्यात तू काढलेल्या तांब्याच्या पहिल्या खेपेच्या पत्र्यांवर फोड आले, हे ऐकल्यापासून तुझ्या आईचं जेवणात लक्ष नाही. दुसरी खेपही बिघडली तर लेकीला घरी घेऊन ये, असं तिनं मला बजावलंय. मी जन्मभर तारा ओढल्या. तांबं भेसळीचं असलं की तार तुटते आणि मी पाठवणाऱ्याचा उद्धार करतो. सख्ख्या भाचीचा उद्धार करायची वेळ आणू नकोस. खरं सांगू, तुला परत आणायला माझा पाय निघणार नाही.

आम्लाच्या हौदांपाशी जपून वाग. माया आहेच.

तुझा मामा

दि. १९ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

आईला सांगा, हौदांवर फळ्या आहेत, पायात गमबूट आहेत. हौदात अशुद्ध तांब्याचा जाड पत्रा आणि शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा समोरासमोर टांगतो. वीज सोडली की जाड पत्र्यातलं तांबं सुटतं आणि पातळ पत्र्यावर जाऊन बसतं. त्यात मिसळलेली चांदीसुद्धा खाली गाळात पडते. तांब्याची एवढी ऐट मी कुठे पाहिली नाही!

ते गुळगुळीत बसावं म्हणून हौदात सरस घालतात, सुतार वापरतो तोच. मी दिवसभराचा सरस सकाळीच ओतून निर्धास्त व्हायचे. पण फोड नेहमी संध्याकाळनंतरच वाढायचे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: गरम आम्लात तोवर सरसातला जीवच जातो. आता तो अखंड ठिबकत ठेवलाय. परवा दुसऱ्या खेपेचे पत्रे वर काढले, एकही फोड नव्हता, आणि मी वेड्यासारखी त्यांवरून हात फिरवत राहिले.

एक पत्रा पाठवतेय. भाची म्हणून सूट देऊ नका, लोभ मात्र कमी करू नका.

तुमची भाची

दि. ८ मार्च

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

सूट दिली नाही. पत्रा वितळवून सळी ओतली आणि स्वतः तार ओढायला उभा राहिलो. बारीक, आणखी बारीक, शेवटी केसाएवढी केली. तुटली नाही. कारागीर हातातलं काम टाकून बघत होते. ही माझ्या भाचीची करामत, असं मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. ऊर भरून आला, पोरी.

तारेचं वेटोळं तुझ्या आईला नेऊन दिलं. तिनं ते बराच वेळ बोटांनी चाचपलं. तू येशील म्हणून तुझी खोली तिनं झाडून, अंथरूण घालून तयार ठेवली होती. काल गेलो तर अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि तिथे तिनं आपलं शिवणयंत्र मांडलं होतं.

आमच्यावरही माया असू दे.

तुझा मामा