अध्यक्षांची उशी

रत्नागिरी, मंगळवार, २६ जानेवारी १९८८

आज वाचनालयात नानांचं भाषण. नाना म्हणजे आमचे संस्थापक अध्यक्ष. वाचनालय निघाल्यापासून खुर्ची त्यांचीच. विषय काय, तर अमेरिकेचा पहिला अध्यक्ष! दोन मुदती संपल्यावर तो आपणहून घरी गेला म्हणे. "पहिला माणूस वागतो ना, तीच पुढे रीत पडते," नाना म्हणाले. पाठीशी उशी घेऊन. त्यांची पाठ दुखते, म्हणून सभेआधी ती मेली उशी चिटणिसाने, म्हणजे मी, झटकून ठेवायची. आमच्याकडे पडली ती ही रीत.

शेवटी म्हणाले, "मीही आज पायउतार होतो." टाळ्या. वाटलं, सुटलो एकदाचे! लगेच पुढचं वाक्य: "नवे अध्यक्ष, आमचे जावई." अमेरिका राहिली अमेरिकेत.

जावई रोज तालमीत जाणारा, पाठ फळीसारखी ताठ. मी उशी उचलायला गेलो, तर म्हणतो कसा, "राहू दे हो, चिटणीस. अध्यक्षांना असते ना ती?"

असते म्हणे! आणि मी काय केलं? झटकली, आणि त्याच्या पाठीशी नीट लावून दिली.