कुंपणातला उंबर

६ फेब्रु. १९८४, सोमवार
मुलुंडच्या पालिकेच्या बागेत सकाळीच परबमामा उभे. गिरणीतून रिटायर, बागेमागे बैठी खोली. आमच्या मेंदीच्या कुंपणाला लागून त्यांची मागची भिंत. तिला वरून खाली तडा, बोट जातं. आतल्या बाजूला बाळंतीण सुनेची खाट.
"मुकादम, कुंपणानंच शेत खाल्लान म्हणतत, ता ह्या. भित पडली तर बाळंतिणीक घेवन मी खय जाव?"
आत बाळ रडत होतं. उद्या कुंपण उघडून बघतो, म्हटलं.

७ फेब्रु.
गणपत माळ्यानं मेंदी बाजूला केली. मेंदीचं मूळ ते केवढंसं! आत उंबर, मांडीएवढा. मुळं सरळ भिंतीखाली.
मला ठाऊक होता. सहा वर्षांमागे गणपतनं विचारलं होतं, "मुकादम, उडवू?" मीच म्हणालो, राहू दे, दत्ताचं झाड. तेव्हापासून दर छाटणीला त्याला वळसा.

९ फेब्रु., गुरुवार
बागखात्याचे साहेब येऊन पाहून गेले. "रिपोर्टमध्ये लिहा, झाड आपोआप उगवले. मग दुरुस्ती आपल्याकडे येत नाही. तुमच्याही डोक्याला ताप नाही."
तसं खोटं नाही. बी पाखरानंच टाकलं असणार.
जपाला बसलो. माळ हातात, चित्त भिंतीवर.

१० फेब्रु.
रिपोर्ट अजून कोराच. गावच्या शाळेत व्याकरणाला गुरुजी छडी घेऊन विचारायचे, कर्ता कोण?
झाड उगवले. कर्ता झाड.
झाड राखले. कर्ता मी.

१३ फेब्रु., सोमवार
"राखले" लिहून दिला.
साहेबांनी चष्मा काढला. "अहो, नऊ वर्षं नोकरी आहे अजून. चौकशी लागेल. एक शब्द बदला."
"नको साहेब."
कागद वर गेला. जेवण बरं गेलं आज.

१६ फेब्रु., गुरुवार
वरून हुकूम. भिंत खातं बांधून देणार, पण आधी झाड काढायचं, सोमवारी. माझी चौकशी वेगळी.
मामांना सांगायला गेलो. वाटलं, सुटतील बिचारे. मामीच बाहेर आल्या. "झाडाक हात लावशात तर याद राखा! नातवाचो नवस ह्याच झाडाक बोललंय मी."
"मामी, भिंत पडेल."
"भित परत बांधूक येता. ह्या परत येवचा नाय."
मामा मला म्हणाले, "बायको नि बागखाता, मधी माझी भित. राखलास तुमी, आता तुमीच सांगा तिका."

१७ फेब्रु.
गणपतही नाही म्हणाला. "राहू दे हा तुमचा हुकूम. तोडायचं तर तुम्हीच तोडा."
तडा वाढलाय. आता दोन बोटं जातात. खाट दाराशी हलवली आहे, पण खोली ती केवढी.

१९ फेब्रु., रविवार
दुपारी नारळ घेऊन मामींकडे. म्हटलं, तुम्ही हो म्हणा, मग हात लावतो.
मामी मांडीवरच्या बाळाला थोपटत होत्या. म्हणाल्या, "सा वर्सा कित्याक राखलास?"
"हात धजला नाही."
"मगे उद्या कसो धजतलो?"
नारळ घेतला त्यांनी. ना हो म्हणाल्या, ना नाही. फोडला पण नाही.
उद्या साडेसातला बाग. कुऱ्हाड घरी आणून ठेवली आहे. धार लावायची राहिली.