एक घर मागे

इसाफ्योर्दुर
११ मार्च १९७८

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून नऊ दिवस झाले. मी मजेत. वादळामुळे बोटी अडकल्यात, मासळीचा कारखाना बंद, म्हणून आज लिहितोय. आधीच लिहिणार होतो, पण मध्ये एका नॉर्वेच्या खलाशाकडे अकॉर्डियन शिकायला जायला लागलो. दोन सूर येतात.

इथला मुकादम गुडब्रांड. मी तुझा भाऊ, हे त्याला परवा कळलं.

"स्टेनव्हरचा भाऊ? आणि इथं कॉड मासे सोलतोस?"

"माझ्या वाटणीची अक्कलही तिनंच नेली, काका."

"अरे, तिनं इथं एकटीनं एकाच वेळी तीस जणांशी बुद्धिबळाचे डाव मांडले होते. मला सतरा चालींत झोपवलं. वर म्हणते, काका, कॉफी गार होतेय."

हरलेल्या त्या डावाचा कागद त्यानं चौकटीत लावलाय, लग्नाच्या फोटोशेजारी. बायको कुरकुरते.

मला नवल नाही वाटलं. जाळी विणायच्या माळ्यावर बाबांच्या बोटीवरच्या सगळ्या खलाशांना हरवलंस तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. पुढे चार वेळा देशाची विजेती झालीस, तरी हरलेल्याशी तशीच हळू बोलतेस. मला शाळा जमली नाही, पण तुझे डाव तोंडपाठ आहेत.

एक सोडून. कोपनहेगनचा, किताबाचा, जिथं मदतीला मी होतो.

संध्याकाळी डाव तहकूब झाला, तुझी पुढची चाल नियमाप्रमाणे लिफाफ्यात बंद. सकाळी तू तापानं फणफणलेली. म्हणालीस, "इल्लू, पट मांड, पुढच्या वाटा शोधून ठेव. मी पडते जरा." मांडला. तेवढ्यात खिडकीतून शिडाचं मोठं जहाज दिसलं, ते बघायला गेलो. परत येऊन घाईघाईत लिहिलं: हत्ती देऊन हत्ती घे, डाव आपला.

काळं प्यादं मी एक घर मागे मांडलं होतं, ताई.

तू माझ्या कागदावर भरवसा ठेवून हत्ती बदललास. त्यांचं प्यादं एक चाल आधी पोचलं, वजीर झालं. किताब गेला. पेपरवाल्यांना तू म्हणालीस, "चूक माझी. घाई केली."

मीही तेच खरं मानलं. मग खोलीवर सामान आवरायला गेलो. पट मी मांडला तसाच होता, फक्त ते एक प्यादं कुणीतरी पुढच्या घरात सरकवलेलं. तुला कळलं होतं, आणि तरी परतीच्या बोटीवर तू मला सँडविच दिलंस, थंडी वाजतेय का विचारलंस. दुसऱ्या आठवड्यात "काम मिळालंय" म्हणून मी निघालो. काम बिम काही नव्हतं.

आता एप्रिलमध्ये कोपनहेगनला जिंकलेल्या त्याच बाईशी सामना, आणि तू लिहितेस, "मदतीला तूच हवास." हे सगळं वाचून मग ठरव. तारेनं नुसतं "ये" कळवलंस तर गुरुवारची बोट धरीन. पट मी मांडतो, एकेक मोहरा तू तपास. तार आली नाही तर समजेन, आणि सामन्याच्या दिवशी इथं रेडिओला कान लावून बसेन.

ज्याच्यावर तू अजून एकदाही रागावली नाहीस,
तो तुझा धाकटा
इल्लुगी