कमलाबाईंच्या पारड्या, माझी सही

२३ मे, शुक्रवार
देपालपूरकडे दुसरी फेरी. जंतांचं औषध पाजून आज चौदा दिवस, ते लागू पडलं का बघायचं. कमलाबाईंच्या चार पारड्या, दोन गाई, आणि शेजारच्या दोन घरांतली सहा जनावरं. बारा डब्या शेण. हातमोजा घालून थेट जनावरातूनच काढायचं, जमिनीवरचं चालत नाही. कमलाबाई शेपटी स्वतः धरतात, नवऱ्यालाही धरू देत नाहीत. मी कोपरापर्यंत मोजा चढवला की दर वेळी तेच, "मैडम, थांके घिन नी आवे?" अकरा वर्षं झाली, आता कसली घीण. घीण सासूबाईंना येते. अंघोळ झाल्याशिवाय माठाला हात लावू देत नाहीत.

चारला परत. लॅबच्या फ्रिजमध्ये आमरसाची दोन पातेली! साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं, स्टाफला पार्टी. साहेब म्हणाले, "मैडम, सैंपल बस दो घंटे बाहर रख लो." शेणाच्या फ्रिजमधला आमरस, आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. मीसुद्धा, दोन वाट्या. मग नणंद आल्याचा फोन, मग रिक्षा, मग घर.

२४ मे, शनिवार
सुट्टी. नणंदेबरोबर मल्हारगंजात साड्या. पाय गेले.

२६ मे, सोमवार
कुलूप काढलं आणि वास. ओट्यावर बारा डब्या, शुक्रवारी ठेवल्या तशाच. मीच ठेवलेल्या. शनिवार-रविवार खोली बंद, बाहेर बेचाळीस.

जंतांची अंडी अशा गरमीत दीड-दोन दिवसांत फुटतात. फुटली की मोजायला काही उरत नाही. हे मी नव्या मुलींना शिकवते, पाठ करून घेते. आणि डब्याही अर्ध्याच भरलेल्या, वर मोकळी हवा, अंडी फुटायला तीच लागते. म्हणजे उरलंसुरलं तेही गेलं.

फेकून द्यायला हव्या होत्या. पण परत जायचं म्हणजे गाडी मागा, मंजुरी मागा, आणि "का?" ला उत्तर द्या. म्हटलं बघू तरी. मिठाच्या पाण्यात कालवलं, चहाच्या गाळणीतून गाळलं, काचेवर घेतलं. अंडी वर तरंगतात, ती मोजायची. शून्य. शून्य. शून्य. एक. शून्य. पाचव्या काचेवर एक बारीक अळी वळवळत होती. अंड्यातून निघालेली, अजून काय.

साहेब मागे येऊन उभे. "अरे वाह! सब जीरो? ये हुई ना बात!"

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण साहेब तोवर दुसऱ्या खोलीत कुणाला तरी ओरडून सांगत होते.

रजिस्टर काढलं. शुक्रवारी सकाळी निघण्याआधीच रकाने भरून ठेवले होते, नेहमीसारखे. तारीख, गाव, "साठवण ४ डिग्री", सही. आकडे तेवढे रिकामे. संध्याकाळी हातात दम राहत नाही म्हणून अकरा वर्षांची ही सवय. लॅबमधले सगळेच करतात. आकडे भरले.

३० मे, शुक्रवार
रिपोर्ट गेला. "औषध पूर्ण परिणामकारक." पावसाळ्याआधी हेच औषध तहसिलीतल्या सगळ्या गावांत. साहेब आनंदात, पोहे-जलेबी मागवली. मी बशी परत केली. ॲसिडिटी सांगितली.

१४ जून, शनिवार
कमलाबाईंचा फोन. "म्हारी पाड़ी फेर ढीली हुई गी मैडम." पातळ हगवण, जबड्याखाली सूज. कपाळावर पांढरा टिक्का आहे ती. सूज म्हणजे रक्त कमी झालं, जंत पीत आहेत. फोनवरच कळलं मला. गावच्या गुरांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्या घरचा तर लॅबचा रिपोर्ट साफ आहे बाई, जंत नाहीत, कॅल्शियम द्या.

"थमी तो देख्या था, हे नी? साफ था नी?"

मी म्हटलं, हो, बघितलं होतं. एवढंच. खोटं नाही आणि खरंही नाही. ओशाळं ओशाळं वाटतंय स्वतःलाच.

१५ जून, रविवार
सतीशला सांगितलं. नवरा म्हणून नव्हे, कुणाला तरी सांगायचं म्हणून. तो पेपरातून डोकं न काढता, "जाने दे ना यार. एक पारडी. कोण बघतंय?"

मी बघते आहे ना.

२२ जून, रविवार
माहेरी जाते म्हणून निघाले, बसने देपालपूर, पुढे टेम्पो. लपूनछपून शेण आणायला जाणारी बाई जगात मी एकटीच असेन. कमलाबाई थेट गोठ्यात घेऊन गेल्या. शेपटी धरली. टिक्कावाली उभी राहीना, बसल्या बसल्याच घेतलं. हाडं हाताला लागत होती. मी चहा नको म्हटलं तर रागावल्या, "पारडी का दुख में चाय कंई छोड़नी?" प्यायले.

डब्या गच्च भरल्या, काठोकाठ, हवा राहू दिली नाही. बर्फाच्या गोळेवाल्याकडून बर्फ मागून घेतला, टिफिनमध्ये भरला. लॅब बंद, म्हणून रात्रीपुरता टिफिन घरच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागे. सासूबाईंनी विचारलं, काय आहे त्यात? म्हटलं, आईने लोणचं दिलंय, मुरायचंय, उघडू नका. देवा.

२३ जून, सोमवार
आठलाच लॅबमध्ये. दार लावून घेतलं.

काच भरून अंडी. मोजताना बोट दुखलं मोजणीयंत्राचं बटण दाबून. टिक्कावालीची काच तर मी दोनदा मोजली, विश्वास बसेना म्हणून. पहिल्या फेरीत, औषध पाजायच्या आधी जितकी होती, जवळजवळ तितकीच. म्हणजे औषध लागूच होत नाही. जंत त्याला सरावलेत. आणि हेच औषध आता गावोगाव पाजताहेत, माझ्या शून्यांच्या भरवशावर.

आकडे कुठे लिहू? रजिस्टरात या नमुन्यांना नंबरच नाही. इथे लिहिते आहे, एवढंच.

टिफिन तीनदा घासला.

२५ जून, बुधवार
साहेबांना सांगितलं. सगळं. ओटा, शनिवार-रविवार, अळी, टिफिन. ते शांतपणे ऐकत होते, हेच वाईट. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घर के फ्रिज का सैंपल, मैडम? ये मैं ऊपर भेजूँ?"

मग रजिस्टर मागवलं. पान माझ्याकडे फिरवलं. "चार डिग्री लिखा है. नीचे आपके साइन. अब आप बोल रही हैं बाहर पड़ा था. आप ही बताओ, मैं कौनसी मैडम की मानूँ?"

मी म्हटलं, फ्रिजमध्ये आमरस होता सर. त्यांना खरंच आठवत नव्हता. "कौनसा आमरस?"

फेरतपासणी होऊ शकते, म्हणाले. पण त्यासाठी मी लेखी द्यायचं, की नमुने माझ्या हातून खराब झाले आणि तरीही मी आकडे भरले. "फिर जो होगा सो होगा. सितंबर में आपके कॉन्ट्रैक्ट का रिन्यूअल भी मुझे ही भेजना है. धमका नहीं रहा हूँ, आप बुरा मत मानना." मग माझ्यासाठी चहा सांगितला. माणूस वाईट नाही. म्हणून तर कुठे राग काढावा कळत नाही.

माझ्या खोलीची खिडकी रंगारी रंग लावून बंद करून गेला, तेव्हापासून उघडतच नाही. आज पाना घेऊन बघितलं. नाही उघडली.

२८ जून, शनिवार
फेरतपासणीसाठीचा अर्ज लिहिला. फाडला. "अनवधानाने" लिहिलं की खोटं वाटतं. "जाणूनबुजून" लिहिलं की नोकरी गेली. मधला शब्द सापडेना.

सतीश आता नीट बोलला, पेपर बाजूला ठेवून. "तू लिहून दिलंस तर साहेब मोकळे, तू अडकलीस. नाही दिलंस तर कुणालाच कळणार नाही. तुलाच ठरवायचंय, पण सप्टेंबरपर्यंत थांब ना यार." तो चुकीचं बोलत नाही. परदेशीपुऱ्यातलं हे दोन खोल्यांचं घर, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्या एका रिन्यूअलवर. आणि सप्टेंबरपर्यंत किती पारड्या?

चिडचिड होते आहे. भाजीत मीठ दोनदा टाकलं.

१ जुलै, मंगळवार
टिक्कावाली गेली. कमलाबाई रडत नव्हत्या. "गई मैडम. सवेरे उठी नी." मग माझीच समजूत काढायला लागल्या, की तुम्ही तर रविवारी एवढ्या लांब आलात, कोण येतं.

फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले. नळ सोडून रडले.

३ जुलै, गुरुवार
अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी साधा. काय झालं ते, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने. आमरससुद्धा. सही केली नाही. पर्समध्ये आहे.

साहेब जिन्यात भेटले, हसले. मीही हसले. हे हसणं कुठून येतं आपल्याला?

४ जुलै, शुक्रवार
लॅबमध्येच लिहिते आहे.

साडेअकराला कमलाबाईंचा फोन. दवाखान्याच्या ओट्यावरून बोलत होत्या, मागे गर्दी. दुसरी पारडी ढिली झाली. तिलाही जबड्याखाली सूज. डॉक्टरांकडे वेगळं औषध आहे, दुसऱ्या जातीचं, ते लागू होईल. पण रिपोर्ट साफ असताना ते उघडायला डॉक्टर तयार नाहीत.

"डॉक्टर साब कई रिया हे के लैब वाली मैडम खुद बोले के पेली दवई फेल हे, तो दूँ. म्हूं थमारो नाम लई लूँ? फोन दई दूँ इनके?"

डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं. ते लिहून घेणार, कोण बोललं, कधी बोललं, आणि मग साहेबांना फोन करणार. मला ते वाक्य पाठ आहे.

मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा बाई, मीच करते.

आता बारा वीस. मधे फोन दोनदा वाजून गेला, कमलाबाईच. दवाखाना एकला बंद होतो. आज शुक्रवार, मग सोमवारपर्यंत कुणी नाही.

परत वाजतोय.