दादाचा जबडा

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचले. खोली बरी आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत दिसते, बंद केली की नुसती काच. मेल उघडायचा तुला कंटाळा, म्हणून कागदावर लिहिते आहे.

इतकी वर्षं तुझ्याबरोबर लोकांच्या कवळ्या केल्या, आता कंप्युटरवर गेममधली माणसं घडवायची. तीन महिने चाचणीचे. मग ठेवतील किंवा घालवतील. ऑफिसात सगळे माझ्या निम्म्या वयाचे. आमच्या गटाची मुख्य मुलगी आधी मला ताई म्हणते आणि मग चुका दाखवते, त्यामुळे चुका घरच्यासारख्या वाटतात.

पहिलंच काम मिळालं माणसं खाणाऱ्या राक्षसाचं. मी अगदी मन लावून केला. तिने बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाली, हा नियमितपणे दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येत असणार. सगळे हसले. मग मी त्याचे दात काढून वाकडे बसवले. तेही एका रांगेत वाकडे आले.

मी निघाले तेव्हा तू मान वर केली नाहीस. असो. वहिनीला नमस्कार. लोभ होता त्यातला थोडा तरी शिल्लक ठेवावा.

तुझी,
बुटकी

१२ जून

चि. बुटकीस,
अ. आ.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या जागी एक पदवीधर ठेवला आहे. तो वरची कवळी खालच्यापेक्षा एक माप मोठी करतो. काल एका आजोबांनी घालून बघितली, तर त्यांना तोंडच मिटता येईना. ते तसेच घरी गेले. जाताना आभार मानले असावेत, नक्की कळलं नाही.

आपल्याला कवळ्यांचं काम देणारे डॉक्टर तुझी चौकशी करतात. रजेवर आहे म्हणून सांगितलं. किती दिवसांची ते विचारलं तर काय सांगू, कळव.

चांगला चाललेला धंदा सोडून राक्षसांना दात बसवण्यात काय मिळतं, असं मी विचारणार नाही. वहिनी म्हणाली की विचारू नका.

मान वर केली नाही, कारण हातात गरम मेण होतं.

जेवणखाण वेळेवर करावं. आशीर्वाद आहेतच.

दादा

५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या हातात त्या दिवशी मेण नव्हतं, पण ते राहू दे.

राक्षस नापास झाला. त्यानंतर केलेला सेनापतीही परत आला. मुख्य मुलगी म्हणाली, ताई, नाक-डोळे जागच्या जागी आहेत, पण हा माणूस मनात काय घेऊन बसलाय ते कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं? मी फक्त नाक-डोळे बसवले होते.

आता शेवटची संधी. एक दुकानदार करायचा आहे. नायक त्याच्याकडून दोरखंड आणि कंदील घेतो, पुढे निघून जातो. एवढंच. हाही परत आला तर मी सामान बांधायचं.

दोन दिवस नुसती बसून होते. मग तुझा जबडा केला. मी जाणार असं सांगितलं तेव्हा तू डावीकडचे दात घट्ट आवळलेस आणि एक शब्द बोलला नाहीस. तो राग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तोच दिला त्याला. सोबत चित्र छापून पाठवते आहे. तुला विचारल्याशिवाय दाखवणार नाही. नको असेल तर पुसून टाकीन. रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
बुटकी

१३ ऑगस्ट

चि. बुटकीस,
अ. आ.

चित्र पाहिलं. कान फार मोठा वाटला. आरशासमोर धरून बघितला, बरोबर आहे.

वहिनीने पाहिलं आणि आधी हसली. मग आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, हा राग नव्हे. हे रागावले की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. मला कबूल करावं लागलं. त्या दिवशी माझ्या मनात एवढंच आलं, की आता कवळी देण्याआधी एकदा बघ म्हणून मी कोणाला सांगायचं. असलं काही बोलायची मला सवय नाही, म्हणून दात आवळले.

तू भुवया खाली ओढल्या आहेस. त्या खाली नव्हत्या. तेवढं दुरुस्त कर आणि खुशाल दाखव.

सामान बांधायची घाई करू नकोस.

दादा

१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग भुवया वर घेतल्या आणि दाखवला. मुख्य मुलीने पडद्यावर त्याचा चेहरा मोठा करून पाहिला. नंतर तिने विचारलं, या दुकानदाराला कोण सोडून गेलंय? मी म्हटलं, कोणी नाही, बहीण नोकरीला गेली आहे.

मला ठेवून घेतलं.

आता तुझ्याविषयी, म्हणजे गेममधल्या तुझ्याविषयी. तू नुसता उभा राहतोस म्हणून खेळणारे तुझं दुकान लुटत होते. मला बघवेना. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मागे लागले, तेव्हा तुला शटर मिळालं. संध्याकाळ झाली की तू ते ओढतोस आणि मागच्या दारातून आत जातोस. आत अजून काही बांधलेलं नाही. त्यामुळे सकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा असतोस. वाईट वाटून घेऊ नकोस, तिथे सगळ्यांचंच तसं आहे.

माया असू दे.

तुझी,
बुटकी

१० सप्टेंबर

चि. बुटकीस,
अ. आ.

नोकरी पक्की झाल्याचं वाचून बरं वाटलं. वहिनीने शेजारी सांगितलं, मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, छान. मीही म्हणालो, छान.

मी भिंतीकडे तोंड करून उभा असतो तो भाग वहिनीला वाचून दाखवला नाही.

आत खोली बांधणं तुझ्या हातात असेल तर बांध. मोठी नको. एक टेबल, एक दिवा आणि दोन खुर्च्या पुरे. दुसऱ्या खुर्चीत कोणाला बसवायची गरज नाही. नुसती असू दे.

दादा