नांदरुकाला खारं पाणी

आये, आधीच सांगते, हसू नकोस. माझ्या बाल्कनीत एक नांदरूक आहे. एडवणला देवळामागे ज्याच्या सावलीत बाबा जाळी शिवत बसायचे तेच झाड, फक्त हे जेमतेम दीड वीत उंच आहे. बुंधा चांगला जाडजूड, पानं बारकी, आणि राहतंय एका पसरट कुंडीत. त्या कुंडीत तुझे चार बांगडेसुद्धा नीट मावले नसते. याला बोन्साय म्हणतात. मोठं होणारं झाड मुद्दाम लहान ठेवायचं, मुळं छाटायची, फांद्यांना तार गुंडाळून हवं तसं वळवायचं आणि खायला बेताचंच द्यायचं. हे शेवटचं ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला इथे सालवडमध्ये बसून ऐकू येतंय. "उपाशी ठेवतेस त्याला? काय गो, त्याला पोट नाय काय?"

झाड माझं नाही, तुझ्या नातीचं. तू गेलीस तेव्हा ती शाळेतही जात नव्हती, तुझ्या पदराला नाक पुसायची. आता पुण्यात नोकरी करते आणि मला शहाणपण शिकवते. पहिल्या पगारातून तिने हे झाड घेतलं, पण तिच्या भाड्याच्या खोलीला ना धड खिडकी ना ऊन, म्हणून माझ्याकडे आणून ठेवलं. "आई, बाल्कनीवालं घर मिळालं की घेऊन जाईन. तोवर तू फक्त सांभाळ. वरची माती सुकली की पाणी, सकाळचं ऊन, बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही, कळलं? तुझा लाड नको त्याला." मी म्हटलं, बरं बाई. ती गाडीत बसायच्या आतच मी त्याला तांब्याभर पाणी घातलं. लांबून आलेलं, दमलेलं असेल, आल्या आल्या कोणी पाणीही विचारू नये म्हणजे काय! मी तुझीच पोर ना? आपल्या घरात कोणी आलं की आधी ताट वाढायचं आणि मग काय काम काढलंत विचारायचं, ही रीत तू मला अशी मुरवली आहेस की ती झाडाच्या बाबतीतही सुटेना.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर बसायची, एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. इथे कारखान्यांची धूळ इतकी बसते की विचारू नकोस. तुझे जावई कामावरून यायचे आणि म्हणायचे, "माझे बूट कोणी पुसत नाही या घरात." पण झाड काही वाढेना. म्हणजे ते वाढू नये म्हणूनच तसं ठेवलेलं असतं, हे मला डोक्याने कळत होतं, मनाला पटत नव्हतं. मला ते अशक्त दिसायला लागलं. आणि मग मला आपलं आवार आठवलं.

तू पालघरच्या बाजारातून परतली आहेस. टोपली उतरवून कमरेवर हात ठेवून उभी आहेस, आणि घरासाठी राखलेले मासे धुवायला बसायच्या आधी मला ओरडते आहेस, "पाणी फेकू नको, माडाला घाल!" मासळी धुतलेलं पाणी आपल्याकडे कधी वाया गेलं नाही. माडाला, अळवाला, त्या मागच्या शेवग्याला, उरलं तर शेजारणीच्या जास्वंदीलाही. वास असा सुटायचा की मांजरं झाडांना पहारा द्यायची. आणि माड काय लागायचे! नारळ मोजायची तुला सवय नव्हती, कोणी विचारलं की म्हणायचीस, "हायत खूप, ने तुला पाहिजेत तेवढे." तर मी विचार केला, जे माडाला चाललं ते या एवढ्याशा पोराला का चालू नये? घरात खारवलेली घोळ मासळी होती, एडवणहून वहिनीने पाठवलेली. रात्री भिजत घातली, सकाळी ते पाणी ओतलं कुंडीत. मग दर वेळी घोळ भिजवली की पाणी नांदरुकाला. आणि मनात काय खूश होते मी! पोरीला वाटेल, आईने काय जादू केली.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. तू माडाला घालायचीस ते ताज्या मासळीचं पाणी, आणि माड तर बोलून चालून समुद्राकाठचा, त्याला खाऱ्याचं काय. मी घातलं ते निव्वळ मीठ. होळी झाली आणि पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी. आणखी पानं गळली. रोज सकाळी बाल्कनी झाडायची आणि सुपलीतली पानं मोजायची. शेवटी एकही पान राहिलं नाही, नुसत्या तार गुंडाळलेल्या काड्या. "टक्कल पडलं बिचाऱ्याला," हे म्हणाले, आणि माझं तोंड बघून लगेच आत सटकले. त्याच आठवड्यात लेकीचा फोन. "आई, घर मिळालं! बाल्कनी आहे! मे महिन्यात येते झाड न्यायला. दाखव ना जरा त्याला." व्हिडिओ कॉलवर मी काय करणार? मोबाइल छताकडे धरला आणि ओरडले, "ऐकू येत नाही गं, रेंज नाही!" रेंज चांगली होती. हे मागे उभे राहून तोंडावर टॉवेल धरून हसत होते.

मला हसू येत नव्हतं, आये. पोरीने पहिल्या पगाराची वस्तू विश्वासाने माझ्याकडे ठेवली, आणि मी ती खाऊ घालून मारली. कोणाला सांगू? कुंडी पुढ्यात घेऊन बसले आणि पहिल्यांदा मातीकडे नीट पाहिलं. वर पांढरी पापडी धरली होती. बोट लावलं, जिभेला लावलं. मीठ ओळखायला कोळणीच्या पोरीला शाळेत जावं लागत नाही. मग नखाने बुंध्याची साल जराशी खरवडली तर आत हिरवं होतं. जिवंत होता बिचारा! मी एवढ्या जोरात ओरडले की हे दाढी अर्धी टाकून धावत आले.

मग दोघं मिळून मोबाइलवर बघायला बसलो. सगळे एकच सांगत होते: झाड बाहेर काढा, माती पूर्ण धुवा, सडलेली मुळं कापा, विटांचा चुरा आणि जाड रेती घालून पुन्हा लावा. कापा म्हणे! मी झाड बाहेर काढलं, मुळं धुतली. निम्मी काळी, मऊ पडलेली. तू मला लग्नात दिलेली ती पितळी मुठीची कात्री, माशाचे पर कापायची, अजून तिच्या तोडीची दुसरी मिळालेली नाही, ती हातात घेतली आणि हात थांबला. एवढीशी मुळं, त्यातली निम्मी कापायची? यांनी विचारलं, "मी कापू?" तेवढ्यात मला तू दिसलीस. मी फ्रॉकमधली पोर, समोर केवढा तरी रावस, विळीवर धरलाय आणि पुढे सरकवायला धजत नाहीये. तू पाठीत एक धपाटा घालतेस. "भिऊन कापलंस तं मासा फाटतो. एकदाच काप, नायतर उठ तिथून." त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की मी रात्री जेवले नव्हते, आणि तू मला झोपेतून उठवून त्याच रावसाचा तुकडा भरवला होतास. मी यांना म्हटलं, "सरका तुम्ही." आणि कापलं. काळं तेवढं सगळं, एका दमात.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती वाट बघणं. सावलीत ठेवलं, वरून प्लास्टिकची पिशवी घातली, इस्त्रीच्या बाटलीने पाण्याचा फवारा मारायचा, बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही! तुला सांगते, खाऊ घालणं सोपं आहे गं. कोणाच्या तरी समोर हात बांधून बसणं, आणि त्याचं त्याला जमेल असं म्हणणं, हे माझ्याच्याने कधी झालं नव्हतं. मी देवालाही हात जोडले नाहीत, म्हटलं त्यालाही उगाच नैवेद्य द्यायला नको. आणि एका सकाळी, फांदीच्या टोकाला तांबूस अणकुचीदार असं काहीतरी दिसलं. चष्मा लावून बघितलं. कोंब! दुसऱ्या दिवशी खालच्या फांदीलाही. मी बाल्कनीतच खाली बसले आणि रडले, चहा निवून गेला.

लेक आली तेव्हा त्याच्यावर चिमुकली, पोपटी पानं होती, पण आधीच्या मानाने झाड अगदीच विरळ. ती बघत राहिली. मी ठरवलं होतं सांगायचं नाही, उन्हाने झालं म्हणायचं. पण तिने "आई?" म्हटलं आणि मी घोळीपासून सगळं ओकून टाकलं. म्हटलं, बोल मला काय बोलायचं ते. ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी. "आई, हे तिसरं आहे," म्हणाली. "आधीची दोन मी कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना मारली. एक पाण्याविना आणि एक कात्रीने. म्हणून तर हे तुझ्याकडे आणलं. मला माहीत होतं, तू याला मरू देणार नाहीस." मी म्हटलं, "आणि ते मला एवढे धडे दिलेस, हे नाही ते नाही?" "मोबाइलवर बघून गं!" मला राग यायला हवा होता. पण मला इतका आनंद झाला, आये, की काय सांगू. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली ती मोकळ्या हाताने. म्हणाली, राहू दे इथेच, मीच येत जाईन बघायला. आता महिन्यातून एकदा येते. आधी सणासुदीला यायची.

हे सगळं लिहून झालं आणि मग लक्षात आलं की तुला वाचायला येत नव्हतं. तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची. म्हणून काल दुपारी बाल्कनीत बसून हे मोठ्याने वाचलं. असं छापल्यासारखं नाही, आपल्या बोलीत. इतकी वर्षं या वस्तीत सगळ्यांशी नीटनेटकं बोलायचं म्हणून सोडून दिलेलं हाय-नाय भराभरा तोंडात आलं, थांबवता आलं नाही. शेजारच्या बाल्कनीत नवीन बिऱ्हाड आलंय, नवरा इथे कारखान्यात आहे. ती बाई कपडे वाळत घालत होती. तिला वाटलं मी फोनवर आहे. "आंटी, किससे इतना हँस के बात कर रहे हो?" मी म्हटलं, "माँ से." तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, "अच्छा! माँ को हमारा भी नमस्ते बोलना." मी खरं काय ते तिला सांगितलं नाही. बोलते, म्हटलं. तर आये, शेजारणीने तुला नमस्ते सांगितलंय.