सत्तेचाळीस नंबरची ओळ

६ जून, शनि.
दवाखान्यात क्लास. सर नागपूरहून, कॉम्प्युटरवर. विषय: पेशंट किती दिवस जगला हे मोजायचं कसं. मृत्यू झाला की आलेखाची रेघ एक पायरी खाली. आणि ज्यांचा पत्ताच लागत नाही ते? मी म्हटलं, काढून टाकायचे. सर हसले. "काहून काढायचे? जितके दिवस दिसले तितके दिवस तर जिवंत होते ना?" तिथपर्यंत मोजायचं, मग रेघेवर एक बारीक उभी खूण. पुढचं माहीत नाही, एवढाच तिचा अर्थ.
नंतर काय शिकवलं ते लक्षात नाही. ताईच डोक्यात.

९ जून
सिकलसेल या रक्ताच्या आजारावर आमच्या दवाखान्याचा अभ्यास चालू आहे. ताईला तोच आजार, तिचं नाव मीच घातलं. नं. ४७. जानेवारीत ती बायांच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली. एप्रिलात बाया परतल्या, ही नाही. म्हणे दुसऱ्या टोळीत गेली; कधी, ते धड कोणी सांगेना. फोन बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, तो तिथंच.
निघायच्या आदल्या दिवशीचं भांडण.
"उन्हात तुहं दुखणं उसळते, कायले जातं मरायले?"
"मंग घरी बसून तुह्या तोंडाकडं पाहू काय?"
मी म्हटलं, जा मग, येऊ पण नको.
आईला हे माहीत नाही.

१३ जून, शनि.
पहिला आलेख काढला, मोठ्या ऐटीत सरांना दाखवला. रेघ जवळजवळ सपाट, कोणी मरतच नाही. सर खूश होतील वाटलं होतं. "मंजू, हे कुलूपबंद घरवाले इतके ठणठणीत कसे? कोणी पाह्यलं त्याईले?"
गृहभेटींचं रजिस्टर उघडलं. घर बंद, शेजारी म्हणाले 'मजेत आहे'. घर बंद, 'मजेत आहे'. आपल्याकडं बाहेरगावी गेलेल्या माणसाबद्दल दुसरं काही बोलतच नाहीत, जिभेवर आणायची भीती. आणि आम्ही शहाणे, त्या भेटीच्या दिवशी पेशंट जिवंत असं भरत गेलो.
नवा नियम: कोणीतरी चेहरा पाहिला किंवा आवाज ऐकला, ती शेवटची तारीख. 'मजेत' चालणार नाही.

१६ जून
दुरुस्त्या. चाळीसपर्यंत आले. मुद्दाम हळू.

१७ जून
४७. तारीख होती ३१ मे. दर महिन्याला शेजारच्या पार्वताकाकूंना विचारून मीच पुढं ढकलत आले होते. काकूंचं ठरलेलं, "मजेत असन वं पोरी, कायले जीव जाळतं?" मला तेवढंच हवं असायचं.
खोडली. १२ जानेवारी लिहिली. आसगावच्या, आमच्या घरासमोरच्या चौकातून जीप सुटली, ताईनं मागं वळून पाहिलं, मी दारात होते. हात हलवला नाही.
साडेचार महिने एका खोडरबरात गेले. संडासात जाऊन रडले. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, डोळे आले का?

२२ जून
आईनं आज पुन्हा ताईसाठी ताट घेतलं. सवयीनं. मग उचलून ठेवलं. मला ताईचा राग हवाय, तिचं ते तोंडावर बोलणं हवंय. 'येऊ पण नको' हे शब्द परत गिळता यायला हवेत.

२७ जून, शनि.
अड्याळचा बाजार. कमलाबाई भेटल्या, ताईच्याच टोळीतल्या. एप्रिलातच लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, परवा आल्या. त्यांना वाटलं ताई केव्हाच घरी आली असेल.
"दुसऱ्या वावरात गेली ना ते, धुळवडीच्या दिवशी. मीच रंग लावला तिले. हासत होती. मले म्हणे, माही बहीण अजून कागदंच भरून राहिली असन."
"तब्येत?"
"कंबर दुखते म्हणे. पण उभी होती, बाई."
उभी होती. बाजारात भाजी न घेताच परतले. घरी कॅलेंडर. धुळवड ३ मार्च. १२ जानेवारीपासून पन्नास दिवस. तीनदा मोजले. आईला सांगितलं, ती नुसती "रंग कोणता होता?" म्हणाली. विचारायचं राहिलं.

४ जुलै, शनि.
सरांनी विचारलं, ४७ का बदलला? म्हटलं, चेहरा पाहिला, आवाज ऐकला. "मंग बरोबर आहे." खूण उजवीकडं सरकली, स्क्रीनवर नखाएवढी. क्लास संपला तरी बघत बसले. ३ मार्चनंतरचं मात्र कोणालाच माहीत नाही, मलाही. या महिनाअखेर अभ्यास बंद, मग खूण तिथंच राहील.

६ जुलै
टोळी नेणारा मुकादम लाखांदूरचा आहे, फोनवर उडवाउडवी करतो. घरी जाऊन बसते त्याच्या. तिथून पुढं तेलंगणात जावं लागलं तर तेही. रजेच्या अर्जात कारण 'घरगुती' लिहिलं, खोडलं. 'गृहभेट, नं. ४७' लिहिलं. सही मिळाली.
ताईच्या गोळ्या पिशवीत घातल्या. एसटी सातची.
आई विचारत होती, "तिची चादर नेतं काय?"
म्हटलं, "राहू दे. आल्यावर इथंच पांघरन."